पत्ते

सेंट जॉर्जच्या दवाखान्यातल्या बाईंनी
चित्रांचे पत्ते दिले होते. सफरचंद. बस. छत्री.
रोज सकाळी दहा दाखवा, म्हणाल्या,
शब्द हळूहळू परततील.
लेग्रँड छत्रीकडे बराच वेळ बघत राहिला.
चाळीस वर्षांत या वाळवंटात
आम्ही कधी छत्री विकत घेतलेली नाही.

आठवड्याने मी पत्ते खणात टाकले
आणि त्याच्या पायात बूट चढवले.
उजवा हात अजून ऐकत नाही, म्हणून नाड्या मीच बांधल्या.
गाठ त्याला पसंत पडली नाही.

हा कोरडा ओढा. म्हण, ओढा.
"वाट," तो म्हणाला.
तसं बघितलं तर खरंच आहे.
पाण्याची वाट,
ते वर्षातून तीनदा येतं,
एरवी आपल्याला वापरू देतं.

ही काळी, फुगीर, कुरकुरीत माती.
हिच्यावर पाय द्यायचा नाही, जिवंत आहे ती,
नखभर वाढायला तिला आमचं अख्खं लग्न लागतं.
हे तोच सांगायचा, टोपी काढून,
शिकागोहून आलेल्या लोकांना,
आणि ते जागच्या जागी
बगळ्यासारखे एका पायावर उभे राहायचे.
आता तो फक्त ओठांवर बोट ठेवतो,
घरात कुणाचं तान्हं निजलेलं असावं तसं.

कड्यावरून उतरलेले हे काळे ओघळ :
धूळ नि पाऊस मिळून एक हात देतात,
दुसरा हात हजार वर्षांनी.
"शाई."
असू दे, शाई.

दगडावर दगड, त्यावर दगड, वाटसरूसाठी रचलेली चळत.
याला त्याला काहीच सुचलं नाही.
त्याने वाकून एक चपटा दगड उचलला
आणि डाव्या हाताने, श्वास रोखून, वर ठेवला.

मग खडकात पाण्याने घुसळून केलेले खळगे.
एकाच्या तळाशी वाटीभर पाणी,
त्यात नखाएवढ्या कोळंब्या;
यांची अंडी वर्षानुवर्षं धुळीत पडून राहतात
आणि पाणी आलं की लगेच संसाराला लागतात.
रांजणखळगा, मी म्हटलं.
"चमचा."
नाही रे. रां-जण.
"चमचा!" इतक्या जोरात, की घळीने ते दोनदा म्हटलं.
त्याचे डोळे भरले होते.
मी मुकाट्याने पाण्याची बाटली पुढे केली.

पुढे घळ आवळत जाते.
दोन्ही खांदे भिंतींना लागतात,
वर आकाश उरतं फूटपट्टीएवढं, निळंच निळं.
कुठेतरी ती तपकिरी चिमणी गात होती,
जिचं गाणं जिन्यावरून उतरत येतं,
शेवटच्या पायऱ्या घाईत चुकवत.
ती मधल्याच पायरीवर थांबली.

लेग्रँडही थांबला.
ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले.
"छत्री."
मला हसू फुटणार होतं.
"छत्री, छत्री, छत्री,"
आणि डाव्या मुठीत माझी कॉलर धरून
त्याने मला कपारीवर ओढलं, तिच्याहून वरच्या कपारीवर ओढलं,
गुडघा फुटला माझा, मी त्याला शिव्या घालत होते.

आधी गार वारा आला, ओल्या ज्युनिपरचा वास घेऊन.
मग खाली वाळूवरची पानं आपणहून सरकू लागली.
मग ते आलं : फेस, काटक्या, कुणाच्यातरी कुंपणाचा खांब,
आणि मागून तांबडा चिखल, गोट्यांवर गोटे आपटत.
आमच्या पावलांचे ठसे होते तिथे
आता दोन पुरुष खोल पाणी होतं.
वरची पट्टी अजून निळीच.

अंधार पडेपर्यंत बसून होतो.
त्याने खिशातलं सुकं पीच काढलं,
मोठा तुकडा मला दिला.
लोंढा, मी शेवटी म्हटलं. याला लोंढा म्हणतात.
त्याने मान हलवली,
मंद पोराला शिकवताना मास्तर हलवतो तशी.
मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून,
माझ्या ओठांकडे बघत :
"छ. त्री."

छत्री, मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.
खाली वाकून त्याने माझी गाठ सोडली
आणि एका हाताने
आपल्या पद्धतीची बांधायला घेतली.